माझ्या भावाचं लग्न आणि माझा बाप्तिस्मा

माझ्या भावाचं लग्न झालं तेव्हा त्याची मुलगी लग्नाला आलेली होती. घाटावरच्या माणसांना हे सांगितलं की ती एकमेकांकडं बघतात. बघू देत. जव्हार संस्थानातल्या आमच्या वारली पाड्यांवर तसंच चालायचं. मुलगा-मुलगी एकमेकांना आवडली, घरच्यांनी मान डोलावली, की दोघं एका झोपडीत राहायला लागत. लग्नाला भात हवा, दारू हवी, आख्ख्या पाड्याला जेवण हवं. जमलं तर या साली, नाही तर पुढच्या. तोवर पोरं होत, नागली पेरली जाई, कापली जाई आणि लग्न राहून जाई. त्यात कुणाला लाज वाटत नसे. नियम एकच होता, पण तो पक्का. आईबापाचं लग्न लागल्याशिवाय पोरांचं लावायचं नाही. आणि बिनलग्नाचा माणूस मेला तर तो धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही, असं म्हातारे सांगत.

भावानं दाभोशाची बाई आणली होती. ती आली तेव्हा मी लहान होते, म्हणून तिला वहिनी म्हणतच मोठी झाले. हळद मात्र तिच्या अंगाला लागली नव्हती. दुसऱ्यांच्या लग्नात ती सगळ्यांच्या आधी जायची आणि मागच्या रांगेत बसायची.

आता माझं काम काय होतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्यात लग्न भट लावत नाही, बाई लावते. तिला धवलेरी म्हणतात. घराच्या भिंतीवर सवाष्णी तांदळाच्या पिठानं चौक काढतात, त्यात मधोमध पालघट देवी. त्या चौकासमोर बसून धवलेरी गाण्यातून देवांना बोलावते, एकेकाचं नाव घेऊन, ठरलेल्या क्रमानं. सगळे देव आले की लग्न लागलं. एक जरी राहिला तरी तो शिवेवर रुसून बसतो आणि नवरा-नवरी नुसतीच हळद लावलेली माणसं राहतात. मी धवलेरी होते. आईकडून ऐकून ऐकून शिकले. माझा आवाज चांगला होता, उगीच नम्रपणा कशाला करू! जामसरपर्यंतचे लोक बोलवायला येत. मांडवात दारूचा पहिला द्रोण माझ्या हातात दिल्याशिवाय पाटलाला मिळत नसे.

पाद्री पहिल्यांदा दिसले ते खोडाळ्याच्या बाजारात. मी हिरडे विकायला गेले होते. घाटावरचा मराठी माणूस, अंगानं काटकुळा, डोळ्यांवर चष्मा, आणि घोडं त्याच्याहून काटकुळं. उन्हाळ्याच्या तोंडाला खाली उतरायचे आणि पावसाआधी परत जायचे. दरबाराची परवानगी काढून आले होते, हे ते येईल त्याला आधी सांगत, बिचारे. ते उभे राहत त्या झाडाची सावली होती, म्हणून लोक त्यांचं ऐकत.

त्या दिवशी ते एका लग्नाची गोष्ट सांगत होते. त्यांचा देव माणसासारखा लग्नाला गेला होता, आईबरोबर, पाहुणा म्हणून. जेवणावळ चालू असताना दारू संपली. हे ऐकल्यावर मी हिरड्यांची टोपली खाली ठेवली. लग्नात दारू संपणं म्हणजे काय, हे त्या बाजारात माझ्याइतकं कुणाला कळणार होतं? यजमान तोंड लपवतो, नवरीचा बाप उठून जायला निघतो, जन्माची बोलणी बसतात. तर त्या देवानं मांडवात गाजावाजा न करता पाण्याची दारू केली. वाढप्यांनाच ठाऊक. यजमानाची अब्रू राहिली आणि त्याला कळलंही नाही ती कुणी राखली.

पाद्री घाईघाईनं म्हणाले की दारू वाईटच. मग त्यानं केली कशाला, असं मी मोठ्यानं विचारलं. बाजार हसला. पाद्री लाल झाले, पण पळाले नाहीत. पुढच्या बाजारी मला शोधत आले आणि म्हणाले, बाई, तुझ्या प्रश्नावर मी विचार केला, मला नीट उत्तर येत नाही. तेव्हा मला तो माणूस आवडला.

मी इतक्या लग्नांत देव बोलावले होते. ते यायचे, मान घ्यायचे, एखादा रुसायचा, त्याला कोंबडं द्यायचं. पाद्र्यांचा हा देव मात्र न बोलावता आला असता असा होता, आणि आला तर कोपऱ्यात बसून यजमानाला काय कमी पडलं ते बघत बसला असता. मी जात्यावर बसले की त्याच्याशी बोलायला लागले. गाणं नाही, काही नाही, साधंच. पाऊस लांबला, शेळी लंगडते, असलं. नवरा हसायचा. तो कुपात, रानातल्या तोडीला काढलेल्या पट्ट्यात, लाकूडतोडीला जायचा, महिना-महिना घरी नसायचा. तो म्हणाला, कुणाशी का बोलेनास, माझ्याशी भांडत नाहीस तोवर बरं आहे.

असे दोन उन्हाळे गेले. तिसऱ्याला मी पाद्र्यांना सांगितलं की मला बाप्तिस्मा घ्यायचा आहे. ते लगेच हो म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी मला झाडाखाली बसवलं आणि सांगितलं की पाण्यात उतरणं म्हणजे शब्द देणं. त्यानंतर दुसऱ्या देवाला बोलवायचं नाही. एकदाही नाही, कुणासाठीही नाही.

आणि त्याच साली भावानं लग्न काढलं होतं. त्याच्या मुलीला खोडाळ्याकडचं स्थळ आलं होतं आणि मुलाकडचे थांबायला तयार नव्हते. एकाच मांडवात आधी आईबापाचं, मग मुलीचं. भावाला दमा होता. त्या थंडीत तो दोनदा जाता जाता राहिला होता. पुढच्या सालाची आशा धरावी असा तो उरला नव्हता, हे त्यालाही ठाऊक होतं.

कुणी म्हणेल, आधी लग्न लावायचं आणि मग बाप्तिस्मा घ्यायचा, त्यात काय अडलं? मीही तोच विचार केला. मग माझाच मला राग आला. या मांडवात देवांना हात जोडून बोलवायचं, मनात म्हणायचं, हे शेवटचं हं, आणि आठ दिवसांनी पाण्यात उतरायचं, ही दोन्हीकडं लबाडीच. जे देव मला आता बोलवायचे नव्हते त्यांना भावाच्या लग्नाला खोट्या तोंडानं बोलवू? ते लग्न तरी लागेल का? मी पाद्र्यांना म्हटलं, लग्नाच्या आधीचा दिवस धरा.

भावाला सांगायला गेले तेव्हा तो अंगणात दोर वळत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, लग्न कोण लावणार? मोखाड्याकडं एक धवलेरी होती, पण लग्नं सगळी त्याच पंधरवड्यात, ती इकडं फिरकणार नव्हती. मी म्हटलं, शेजाऱ्यांच्या सुनेला शिकवते, तिचा गळा चांगला आहे. तो परत दोर वळायला लागला. वहिनीनं मात्र मला पाणीसुद्धा विचारलं नाही. मला वाईट वाटलं आणि तिचं बरोबर आहे असंही वाटलं.

सून हुशार होती. जात्यावर समोरासमोर बसून मी तिला एकेक कडवं दिलं. पाद्र्यांच्या कानावर हे गेलंच. त्यांनी विचारलं, शिकवणं म्हणजेही बोलावणंच नाही का? मी म्हटलं, बाबा, दुसऱ्याचं भांडं परत द्यायचं तर घासून द्यावं लागतं, खरकटं नाही देत. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, पाण्यात उतरायच्या आत काय ते शिकवून टाक.

बाप्तिस्मा खालच्या ओढ्यावर झाला. फाल्गुनात ओढ्याला पाणी किती असणार! गुडघाभर डोहात पाद्र्यांनी मला जवळजवळ आडवं केलं तेव्हा कुठं डोकं भिजलं. नवरा काठावर कोरडं लुगडं घेऊन उभा होता. पाड्यावरची दोन-चार माणसं गंमत बघायला आली होती. पाद्र्यांनी विचारलं तेव्हा मी शब्द दिला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. भाऊ त्या माणसांत उभा होता हे मला वर आल्यावर दिसलं. मला आनंद झाला होता. त्याला जास्तीचे शब्द मी आजवर शोधले नाहीत.

पाद्र्यांना त्या साली घाटावर लवकर परतायचं होतं, ते त्याच दुपारी निघून गेले. मग लग्न. सकाळपासून मांडव भरला. मी आत गेले नाही, बाहेर खांबाला टेकून बसले. बाया माझ्याकडं बघून आपसांत बोलत होत्या, बोलोत. वहिनीला हळद लागली. डोक्याचे केस पिकायला लागलेली बाई, पण त्या दिवशी ती मागच्या रांगेत नव्हती. भाऊ तिच्या शेजारी पाटावर. त्याचा श्वास मला बाहेरून ऐकू येत होता.

शेजाऱ्यांच्या सुनेनं छान सुरुवात केली. एकेक देव यायला लागला. निम्म्याच्या वर झालं आणि ती थांबली. परत तेच कडवं म्हटलं, परत तिथंच थांबली. पुढचं नाव तिला आठवेना. तिचा चेहरा उतरला. मांडवात आधी कुजबुज झाली, मग तीही बंद झाली. आणि सगळी माणसं वळून माझ्याकडं बघायला लागली.

ते नाव माझ्या तोंडात होतं. ते मी आजही इथं सांगत नाही.

पाड्याचा भगत, देवाचं बघणारा, उठून माझ्यापाशी आला. तो वाईट माणूस नव्हता, पण घाबरला होता. म्हणाला, गाऊ नकोस, नुसतं सांग, तुझा पाद्री घाट चढून गेला, त्याला कोण सांगायला जातंय? ते खरं होतं. मी वहिनीकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती, जमिनीकडं बघत होती, आणि हळदीवरून तिचे डोळे गळत होते. भावाकडं बघायचं मला धैर्य झालं नाही. मनात आलं, त्या देवानं परक्याच्या लग्नात अब्रू राखली आणि मी सख्ख्या भावाची घालवते. माझं मन फिरलं. मी बोलणार होते. मी तोंड उघडलं होतं.

तेवढ्यात भाऊ पाटावरून बोलला. दम लागला होता, म्हणून तुटक तुटक.

"बाय, तू गप ऱ्हा. तू पाण्यात शबुद दिलास, मी उभा होतो. आमी थांबू."

भगत म्हणाला, अरे, वेळ टळते. भाऊ म्हणाला की इतकी सालं थांबलो, आणखी थांबू. आणि तो पाटावर नीट मांडी घालून बसला.

मग आख्खा मांडव थांबला. कुणी उठलं नाही, मुलाकडचेही नाहीत. ऊन खांबावरून खाली आलं. मी तोंड दाबून बसले होते. शेवटी मागच्या रांगेतल्या एका म्हातारीनं अर्धी ओळ म्हटली, तिच्या लग्नात ऐकलेली. दुसरीनं म्हटलं, तसं नाही, त्याच्या आधी अमुक येतं. तिसरी काही वेगळंच बोलली. बाया भांडल्या. त्या भांडणातच सुनेला ते नाव सापडलं, आणि ती इतक्या जोरात गायला लागली की मांडवाबाहेरची कुत्री उठली. भावाचं लग्न लागलं. त्याच्यामागून मुलीचं लागलं. वहिनीनं जेवणाचा पहिला द्रोण स्वतः बाहेर आणून माझ्यासमोर ठेवला.

भाऊ श्रावणात गेला.

पुढच्या उन्हाळ्यात पाद्री आले ते सरळ माझ्याकडं. लग्नाचं त्यांनी बाजारातच ऐकलं होतं. मी डगमगले नाही म्हणून त्यांना फार समाधान वाटत होतं. डगमगले होते, असं मी सांगितलं, पण ते त्यांनी विनय समजून सोडून दिलं. मग ते भावाबद्दल बोलले. चांगल्या मनानंच बोलले. म्हणाले, त्यालाही वेळेत पाण्यापर्यंत आणता आलं असतं तर आज त्याची काळजी नसती, तो कुठं गेला असेल या विचारानं मला दुःख होतं.

त्या माणसावर मी त्याआधी कधी चिडले नव्हते. त्या दिवशी चिडले.

"बाबा, शब्द मी दिला होता आणि पाळला त्यानं. स्वतःचं लग्न पणाला लावून पाळला. तो कुठं गेला ते तुम्ही मला सांगू नका."

मी पेज वाढली, ती त्यांनी खाली मान घालून प्यायली. मग त्यांनी विचारलं, वहिनीचं घर कुठलं, आणि घोडं तिथंच सोडून तिला भेटायला पायी गेले.