उदमांजराने निवडलेली खोली

परवा दुपारी शेजारच्या सुमनने कुंपणापलीकडून विचारलं, "काकू, मुलं आलीत वाटतं? आंबेमोहोराचा वास सुटलाय!"

आता मुलं कुठली यायला! आणि मी तर भात लावणंच सोडलंय, एका भाकरीवर दिवस जातो माझा. पण वास येत होता खरा, चार माणसांचा भात नुकताच उतरवल्यासारखा. त्या वासामागे मुलांच्या बंद खोलीत गेले. फुटक्या कौलातून शिरलेलं उदमांजर उघड्या कपाटात, जुन्या गोधडीवर पसरलं होतं. पोटाशी डोळे न उघडलेली पिल्लं. भाताचा वास त्याच्याच अंगाचा.

सुमन धावत आली. "नवलच बाई! माणसाचा वावर असेल तिथे हे कधी वीत नाही."

ती आपली सहज बोलली. मी मात्र उंबऱ्यातच बसले. पिल्लांसाठी जागा शोधताना त्या आईने कितीतरी दिवस कान देऊन ऐकलं असेल, इथे कुणी राहतं का म्हणून. माझं चालणं, पूजेची घंटा, टीव्हीशी चाललेली माझी भांडणं, सगळं ऐकलं असेल. आणि तरी तिने ठरवलं, की घर रिकामं आहे.