धर्माचा रकाना

शिरगणतीच्या शेवटच्या दिवशी मेहकरच्या गल्ल्या तुडवून माझ्या पायांचे तुकडे पडायला आले होते. सरकारी क्वार्टरांत पहिलं घर दवाखान्यातल्या नर्सबाईंचं. त्या ख्रिस्ती, दारातच बायबलातल्या मोशेचं चित्र. पुढचं घर कोकणातून बदलून आलेल्या पोस्टमास्तरांचं. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “चहा विचारत नाही, गुरुजी. आज शनिवार. मोशेची आज्ञा आहे, आम्ही चूल पेटवत नाही.”

मोशे ऐकलं आणि पुढचं न विचारता मी धर्माच्या रकान्यात ‘ख्रिस्ती’ लिहून टाकलं.

“खोडा ते. आम्ही यहुदी.”

“एकच ना बाई ते?” मी वैतागलो.

त्या शांतच होत्या. “येशू आमच्यातच जन्मला. आमचे ग्रंथही ख्रिस्ती लोकांनी घेतले. पण त्यांच्या मते तारणारा येऊन गेला, आणि आम्ही अजून वाट बघतोय. आज मी लेखणी धरत नाही, तुम्हीच खोडा.”

मी खोडलं.

संध्याकाळी तहसिलीत कागद दिले. तपासणाऱ्या कारकुनाने नेमका माझ्या घराचा कागद वर काढला. काही वर्षांपूर्वीच आम्ही धम्मदीक्षा घेतली होती.

“बौद्ध काऊन लिहिलं हो गुरुजी? हिंदूच लिहा ना. एकच तं हाय!” म्हणत त्याने लेखणी उचलली.

वाद घालायचं त्राण नव्हतं, आणि दुपारी हेच मी त्या बाईंना ऐकवलं होतं. मी कागदावर पंजा ठेवला. त्याने लेखणी खाली ठेवेपर्यंत तो उचलला नाही.