रोज उतू जाणारं दूध

"या लेकराच्या घरी रोज दूध उतू जातं का हो?"

बायकोनं हे विचारलं तेव्हा मी ओट्याजवळ स्टुलावर बसून हजेरी घेत होतो आणि ती पोळ्या लाटत होती. आमच्या वसमतच्या घरात रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी येते. त्यामुळे कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी माझा सातवीचा वर्ग तिथंच भरायचा. फोन बेसनाच्या डब्याला टेकवलेला. फळा म्हणजे फ्रीजच्या दाराला चिकटवलेला कागद. कुकरची शिट्टी झाली की समीकरण थांबायचं.

हजेरीची पद्धत आधी सांगतो. शिरड शहापूरच्या बाजूला एका खेड्यात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. सगळ्यांनी एकाच वेळी व्हिडिओवर बसायचं, हे आमच्याकडं जमण्यासारखं नव्हतं. घरात स्मार्टफोन असला तर एक, तो बापाच्या खिशात आणि बाप शेतात. म्हणून आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप केला. मी सकाळी धड्याचा व्हिडिओ टाकायचो. लेकरांनी आपल्या आवाजात 'हजर सर' असं रेकॉर्ड करून पाठवायचं. याला आम्ही क्लिप म्हणायचो. अंगठ्याचं चित्र चालणार नाही, हा नियम माझाच. अंगठा कुणीही दाबतो, आवाज मात्र लेकराचाच लागतो, असा माझा हिशेब. क्लिपा ऐकायच्या आणि दुपारी लिंकवर आकडा भरायचा. लिंक म्हणजे वरून आलेला सरकारी तक्ता, फक्त फोनवरचा. तो रात्री बंद व्हायचा. मागचा आकडा दुरुस्त करायची सोय त्यात नव्हती.

अश्विनीची क्लिप सगळ्यांच्या आधी यायची. 'हजर सर', आणि मागून तिच्या आईचा आवाज, 'अगं ए, दूध उतू चाललं.' मग भांडं आपटल्याचा आवाज. तेवढंच.

"काल पण उतू गेलं, परवा पण," बायको म्हणाली. "इतकं दूध सांडतात, म्हशी आहेत तरी किती?"

मला हसू आलं नाही. हे तिच्या आज लक्षात आलं होतं. माझ्या कधीचंच आलं होतं.

ते दूध मी बऱ्याच आधी ओळखलं होतं. गृहपाठाचे फोटो तिच्याकडून येत नव्हते. फोटो जात नसेल, रेंज नसेल, असं मी स्वतःलाच समजावत होतो. कारण आमच्या शाळेची हजेरी पूर्ण होती. आमच्या भागातल्या शाळांवर देखरेख ठेवणारे केंद्रप्रमुख ऑनलाइन मीटिंगमध्ये म्हणाले होते, "जाधव सर, एवढा प्रतिसाद कसा मिळवलात ते सगळ्यांना सांगा." मी सांगितलं. अंगठा नको, आवाज हवा, हा नियम समजावून सांगितला. दोन शाळांनी तो उचललाही. एवढं कौतुक झाल्यावर मागचं दूध कोण ऐकतो?

"पोरगी आहे कुठं पण?" बायकोनं विचारलं.

ते मला माहीत नव्हतं. वर्गशिक्षक मी होतो.

मी मुख्याध्यापक मोरे सरांना फोन लावला. त्यांना तेव्हा कोरोनाच्या चेकपोस्टवर ड्यूटी लागलेली होती. मागून ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते.

"सर, अश्विनी बहुतेक गावात नाही. रोज एकच क्लिप येतेय."

"येतेय ना पण?"

"जुनी येतेय. मागं दूध उतू जातं, ते रोज तेच आहे."

"तुम्ही गुरुजी आहात का डेअरीवाले?" मग त्यांचा आवाज खाली आला. "हे बघा, एकीचं उकरलं की सगळ्यांच्या क्लिपा नीट ऐकाव्या लागतील. मग लिंकवर काय भरायचं?"

"जे असेल ते."

"तुमच्या मनानं करा. मी इथं उन्हात उभा आहे."

दुसऱ्या दिवशी मास्क लावून मोटारसायकलवर गावाला गेलो. अश्विनीचा बाप बालाजी अंगणात फवारणीचा पंप उघडून बसला होता. तीन एकर सोयाबीन, थोडी हळद, एवढ्यावर त्याचं घर चालतं. मला बघून तो उठला.

"या गुरुजी. एवढ्या लांब काहून आलात? आज क्लिप पोचली न्हाई का?"

"पोचली. दूध पण पोचलं."

त्यानं पंप उचलून बाजूला ठेवला. "तिची माय लई जोरात बोलती," तो म्हणाला.

आतून त्याची बायको बोलली, "मला काय ठाव तुमी ते भरून घेऊन राहिले म्हणून."

"अश्विनी कुठं आहे?" मी विचारलं.

"आत्याकडं. सिद्धेश्वरला. माझ्या बहिणीला लेकरू झालं. घरात सासू न्हाई, दाजी पहाटंच धरणावर जातो मासे धरायला. लेकराला पहायला कुणी तरी पाहिजे."

"कधी गेली?"

"औंदा शाळा ह्याच्यात भरायला लागली," त्यानं खिशातला फोन दाखवला, "तव्हाच गेली. पर क्लिप खोटी न्हाई गुरुजी. जाताना तिनंच बोलून ठिवली. मी रोज सकाळी तेवढी पाठवतो आन मंग शेतात जातो. एक दिस बी चुकलो न्हाई."

हे तो अभिमानानं सांगत होता. दुसरीकडं मी मनात मोजत होतो. म्हणजे पोरीनं सातवीचा एकही धडा ऐकलेला नव्हता.

"अरे, मला सांगायचं ना, पोरगी बाहेरगावी गेली म्हणून."

"आन नाव कटलं म्हंजी?"

नाव कटणं म्हणजे शाळेच्या पटावरून नाव निघणं. मी त्याला सांगितलं, गैरहजेरी लागल्यानं नाव कटत नाही. त्याला ते पटलं नाही.

"माझं कटलं होतं," तो म्हणाला. "मायबापासंगं ऊसतोडीला गेलतो. वापस आलो तर गुरुजी म्हणले, तुझं नाव कटलं. पाचवीत होतो मी. पुन्हा कुणी लावलं बी न्हाई आन मी बी गेलो न्हाई. पोरीचं कटू द्यायचं न्हाई. बाकी मला त्यातलं काय समजत न्हाई."

मी त्याला रागवायला आलो होतो. रागवता आलं नाही. तो क्लिप पाठवत होता ती पोरीचं नाव टिकावं म्हणून. मी ती घेत होतो ती आकडा टिकावा म्हणून.

खरी अडचण त्याला दिसत नव्हती. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच. आठवीला कुरुंद्याला जावं लागतं. सातवी कोरी गेलेलं लेकरू तिथं बावरतं, दिवाळीपर्यंत कसंबसं बसतं आणि मग येत नाही. मुलगा असला तर बाप परत ढकलत नेतो. मुलगी असली की म्हणतात, राहू द्या, घरी काम आहेच. अश्विनीचं नाव पटावर शाबूत राहिलं असतं आणि पोरगी तेवढी शाळेतून गेली असती.

मी त्याला तसं सांगितलं. मग म्हणालो, "उद्यापासून मी तिला गैरहजर लावणार. तू ती क्लिप पाठवू नको."

तो चटकन जवळ आला. "गुरुजी, असं करू नका."

"नाव कटणार नाही."

"औंढ्याच्या नागनाथाची आण घ्या."

मी आण घेतली. एवढ्या नोकरीत कुठल्याही साहेबानं माझ्याकडून अशी पक्की खात्री करून घेतली नव्हती.

"आत्याकडं फोन आहे का?"

"हाय, पर बटनाचा. व्हिडिओ दिसत न्हाई त्यात."

"बोलता येतं ना?"

"बोलता येतं की," तो म्हणाला. "फोनच हाय तो."

त्याचं बरोबर होतं. व्हिडिओ, लिंक, क्लिप या भानगडीत आम्ही सगळे शिक्षक विसरलो होतो की फोन ही बोलायची वस्तू आहे.

घरी आल्यावर सगळ्या लेकरांच्या क्लिपा मी नीट, शेवटपर्यंत ऐकल्या. एका पोराच्या हजेरीमागं रोज टीव्हीवर तीच साबणाची जाहिरात लागलेली होती. आणखी एकाच्या मागं तोच कुत्रा, तेवढंच भुंकायचा. दुसऱ्या दिवशी लिंकवर भरलेला आकडा आदल्या दिवसापेक्षा बराच खाली आला. संध्याकाळी केंद्रप्रमुखांचा फोन.

"जाधव सर, तुमच्या शाळेला एकदम झालं काय?"

"काही झालं नाही सर. आहे ते लिहितोय."

"म्हणजे आधी?"

"आधी नव्हतं ते लिहीत होतो."

ते म्हणाले, "हे मीटिंगमध्ये बोलू नका." मी बोललो नाही. तेही माझ्या खात्यावर आहे.

अश्विनीचा वर्ग दुपारी ठरला, बाळ झोपल्यावर. पहिल्या दिवशी आत्यानं फोन घेतला. "ती लेकराला झोपवून राहिली, जरा थांबा," म्हणाली. मग अश्विनी आली ती कुजबुजतच.

"सर, हळू बोला. आत्ताच झोपलाय."

मी माझ्या स्वयंपाकघरात हळू आवाजात अपूर्णांक शिकवायला लागलो. फळा नाही, वही दिसत नाही. तीन छेद चार, तीन छेद चार असं दोनतीनदा म्हणालो.

"समजलं का?"

"न्हाई सर."

"चारातले तीन भाग. आत्याच्या घरी एक किलो मासे आणले, त्याचे सारखे चार वाटे केले आणि तीन विकले, तर किती विकले?"

"पाऊण किलो."

"तेच तीन छेद चार."

"मंग पाऊण म्हणा की सर."

पुढचे सगळे अपूर्णांक आम्ही पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांवरूनच केले. ते तिला घरातूनच येत होते, फक्त कागदावर कसे उतरवायचे तेवढं सांगायचं होतं. आधी तोंडी, मग ती पाटीवर लिहायची आणि काय लिहिलं ते मला वाचून दाखवायची. बाळ उठलं की वर्ग सुटायचा. आणखी दोनचार घरांत मी असेच साधे फोन सुरू केले. ग्रुपवर एकदाही न बोललेली पोरं फोनवर चुरूचुरू बोलायला लागली.

भूमिती मात्र अडली. कोन समजावताना मी खिडकीशी उभा राहून दोन्ही हात फाकवून दाखवत होतो.

बायको म्हणाली, "अहो, ती बघत नाहीये."

मी हात खाली घेतले. ताट उपडं ठेवून वर्तुळ काढ, असं एकदा सांगितलं. तिनं काढलं म्हणाली. बरोबर निघालं का, मला कसं कळणार? मी 'छान' म्हणालो आणि पुढच्या धड्याला लागलो. असे बरेच 'छान' मी त्या वर्षी न बघता दिले.

शाळा उघडल्या, तोवर बाळ बसायला लागलं होतं. अश्विनी परत आली, सातवी करून कुरुंद्याला गेली. दिवाळी झाली तरी ती जात होती. पुढच्या दिवाळीलाही जात होती. बालाजी भेटला की दरवेळी विचारतो, "नाव हाय न बराबर?" आता ते नाव माझ्या शाळेत नाही, हे त्याला माहीत आहे. तरी विचारतो.

नंतर एकदा कुरुंद्याच्या बाजारात तिचे गणिताचे सर भेटले.

"तुमच्याकडून आलेली ती अश्विनी," ते म्हणाले, "तोंडी हिशेब झटक्यात करते. पण कंपास हातात दिला की घाबरते. सातवीत भूमिती झाली नव्हती का?"

"झाली होती. फोनवर."

"फोनवर भूमिती?"

"नाही झाली असंच समजा," मी म्हणालो. "पहिल्यापासून घ्या."

एका शिक्षकाला दुसऱ्या शिक्षकासमोर हे म्हणणं जड जातं. म्हणून बहुतेक वेळा आपण ते म्हणत नाही, आणि लेकरू पुढच्या वर्गात एकटंच बसून राहतं.