आपा आणि इंग्रजीचा पेपर

आपा प्रश्नपत्रिका वाचायच्या त्या वर्गातल्या एखाद्या मुलीचं नाव घेऊन. "आता मी सुजाता," असं पुटपुटत पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करत आणि जिथं अडखळत तिथं पेन्सिलीनं गोल करत. वडीगोद्रीच्या आमच्या शाळेत पोरं त्यांना आपा, म्हणजे मोठी बहीण, म्हणत, म्हणून आम्ही शिक्षकही. त्या येण्याआधी इंग्रजीचा पेपर मी एकटी काढत असे आणि त्यावर कुणी कधी गोल केला नव्हता.

मला त्यांचा फार मत्सर वाटे. मधल्या सुट्टीत पोरींचा घोळका त्यांच्याभोवती असायचा. माझ्याकडे यायची ती फक्त मॉनिटर, वह्या घेऊन. आपांच्या घरात उर्दू, बाहेर आमच्याहून अस्सल गावची मराठी. इंग्रजी मात्र माझंच चांगलं होतं, एवढाच काय तो माझा आधार.

एका वर्षी हेडसरांनी सहामाहीचा पेपर एआयकडून काढून आणला. चहा निवायच्या आत तयार झाला, असं कौतुकानं सांगत होते. उतारा विमानतळावरचा होता. आपांनी तो वाचला आणि म्हणाल्या, "सर, ह्यात चूक काही न्हाई. पण आपली पोरं इंग्रजीत न्हाई, एस्केलेटरमध्ये नापास होतील."

मला आतून बरं वाटलं. मी लगेच कपाटातून माझा जुना पेपर काढून पुढे ठेवला. आपांनी तोही तसाच वाचला आणि माझ्या निबंधाच्या विषयापाशी थांबल्या: दिवाळीच्या सुट्टीतली सहल.

"मॅडम, बुरा मानू नका. सुजाता दिवाळीत मायसंगं कापूस वेचते. तिनं सहल कुठून आणायची? मशीनला आपलं गाव माहीत न्हाई. तुम्हाला तर माहीत हाय."

मी माझा पेपर उचलून परत कपाटात ठेवला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

हेडसरांनी पेपर आम्हा दोघींवर सोपवला. आपांनी एआयकडून आठवडी बाजाराचा उतारा मागवला. त्यात बाप भाजी विकत होता आणि आई घरी भाकरी करत होती. पुन्हा मागवला, तरी तेच. शेवटी आपांनी स्वतःच आईला भाजीच्या ढिगामागं बसवलं. मी विचारलं, पेपर फार सोपा तर होत नाही ना? त्या म्हणाल्या, "अवघडच ठेवा. पण इंग्रजीच अवघड ठेवा." मग व्याकरणाचे प्रश्न मी काढले, आणि चांगले कठीण काढले. निबंधाला विषय दिला: कापूस वेचणीचा एक दिवस.

निबंधाची जागा नेहमी कोरी सोडणाऱ्या सुजातानं त्या वेळी पानभर लिहिलं. वर्ग माझा, पेपर मी तपासलेला, गुण मी दिलेले. उत्तरपत्रिका हातात पडताच ती उठली आणि दाखवायला धावत गेली ती आपांकडे. मी खडू हातात धरून उघड्या दाराकडे बघत राहिले.

पुढची काही वर्षं आम्ही पेपर असेच भांडत काढले. मग आपांची बदली धावड्याच्या शाळेत झाली. निरोपाच्या दिवशी पोरी रडल्या. निघताना माझा हात धरून त्या एवढंच म्हणाल्या, "तिथं तुमच्यासारखं भांडणारं कुणी भेटंल का, मॅडम?"

महिन्याभरानं धावड्याच्या एका शिक्षिकेचा फोन आला. कुठून तरी माझा नंबर मिळवला होता. ही नवी बाई माझ्या पेपरात सारखी खोट काढते, तुम्ही इतकी वर्षं कसं सहन केलंत, असं त्या विचारत होत्या. बराच वेळ तक्रार करत होत्या. मी ऐकून घेतलं. मला त्या शिक्षिकेचा हेवा वाटत होता.