कॉम्प्युटरलाही लाल टॅग

आमचं घर दिघीत आणि गाळा भोसरीत. गाळ्यात आम्ही गाड्यांचे लहान ब्रॅकेट बनवतो आणि चाकणच्या एका मोठ्या कंपनीला पाठवतो. प्रत्येक खोक्यावर बारकोडचं लेबल लागतं. ते नसलं की तिथल्या गेटवरून टेम्पो तसाच परत. लेबलं काढणारा ऑपरेटर नोकरी सोडून गेला, तेव्हा मी म्हटलं, मी करते. कॉम्प्युटरचा क्लास केला होता, पोरं मोठी झाली होती, आणि घरात बसून मला वीट आला होता. गाळ्याचे मालक माझे सासरे. ते म्हणाले, "कर बघू. पन येक जरी टेम्पो माघारी आला, तर मी माणूस ठेवणार."

तोवर एकही टेम्पो माघारी आला नव्हता. मला ते काम आवडायला लागलं होतं. लेबलांची पट्टी प्रिंटरमधून सरसर बाहेर येते ना, ते बघत बसावंसं वाटतं.

त्या सकाळी खोकी भरून तयार होती, टेम्पोवाला चहा पीत होता, आणि प्रिंटर हूं की चूं करेना. वायर काढून पुन्हा लावली. दुसरीकडे खोचून पाहिली. मग कॉम्प्युटरला काय काय जोडलंय ते दाखवणारा डिव्हाइस मॅनेजर उघडला, तर तो कोरा! नुसती पांढरी खिडकी. ज्या माउसने मी तो उघडला, तो माउससुद्धा त्याच्या लेखी नव्हता. बंद करून चालू केलं, तरी तेच. सासरे दारातल्या स्टुलावर पेपर वाचत होते, पण पान काही उलटत नव्हतं.

रिपेअरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला संध्याकाळी येतो, फॉरमॅट मारावा लागेल. याच्या घरात कुणाला ताप आला तरी हा फॉरमॅटच सांगत असेल. फोन ठेवला आणि मोबाइलवर स्वतःच शोधलं. बऱ्याच जणांनी एकच गोष्ट लिहिली होती. खिडकी कोरी दिसली, तर कॉम्प्युटरच्या आत चालणारी 'प्लग अँड प्ले' नावाची सर्व्हिस चालू आहे का बघा. जोडलेल्या वस्तू ओळखायचं काम तिचं. शोधत शोधत तिथवर गेले. ती बंद होती. साधी बंद नव्हे, पुन्हा चालूच होऊ नये अशी करून ठेवलेली. तिच्या शेजारच्याही दोन-तीन तशाच. हे आपोआप होत नाही. कुणीतरी हात मारला होता.

मागे टेकले तर खुर्चीच्या दांडीला लटकणारा लाल टॅग हाताला लागला, आणि डोक्यात उजेड पडला. कंपनीचे लोक ऑडिटला येणार म्हणून आदल्या दिवशी आमच्या ह्यांनी गाळ्यात फाइव्ह एस काढलं होतं. म्हणजे जे कामाचं नाही त्याला लाल टॅग लावायचा आणि बाहेर काढायचं. मोडके पाने, प्रेसचे गंजलेले साचे, माझी डुगडुगणारी खुर्ची, सगळ्यांना टॅग. ह्यांच्या अंगात एकदा फाइव्ह एस आलं की समोर उभं राहायची सोय नाही.

हे प्रेस मशीनपाशी उगाच नट पुसत उभे होते. मी विचारलं, "अहो, काल कॉम्प्युटरला हात लावलात का?"

"हळू चालत होता," हे म्हणाले. "जे काम करताना दिसेना, ते बंद केलं."

मला रडावं की हसावं कळेना. राग तर असा आला होता की तो टॅग ह्यांच्याच गळ्यात बांधावा. पण टेम्पोवाला हॉर्न देत होता. बंद केलेलं सगळं पुन्हा चालू केलं, कॉम्प्युटर परत सुरू केला, डिव्हाइस मॅनेजर उघडला. यादी भरलेली! कीबोर्ड, माउस, आणि त्यात आमचा प्रिंटर. माहेरचं माणूस अचानक दारात दिसावं तसा आनंद झाला. लेबलं निघाली, आम्ही दोघांनी मिळून ती चिकटवली आणि टेम्पो वेळेत गेला.

सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला आणि विचारलं, काय झालं व्हतं? उत्तर माझ्या ओठांवर होतं. पण म्हाताऱ्याचा जीव या लेकावर, सांगू कसं? तेवढ्यात हेच म्हणाले, "मी बिघडवलं होतं, आबा. हिनं नीट केलं."

सासरे उठले, हळूहळू माझ्यापाशी आले. खुर्चीचा लाल टॅग त्यांनी ओढून तोडला आणि खिशात घातला. मग लेकाकडे बघून म्हणाले, "सुताराला बोलवून हिची खुर्ची नीट करून घे. माणूस ठेवायचं राहू दे आता. माणूस हाय आपल्याकडं."

मी दुसऱ्या टेम्पोची लेबलं काढायला घेतली.