पहिल्या खांद्याचा मान

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. मुलाजवळ नाही, सुनेजवळ तर नाहीच. देवाला सांगायची गरज पडली नाही — तो तेव्हा माझ्याच खांद्यावर होता. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही उद्या आमच्या ओटीवर चहाला येऊन बसणार नाही.

मी एसटीचा ड्रायव्हर. आता निवृत्त. सगळी नोकरी घाटातली वळणं बघण्यात गेली, आणि म्हातारपणी डोळ्यांनीच दगा दिला. समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे फराटल्यासारखे दिसायचे. रत्नागिरीतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोतीबिंदू आहेच, शिवाय बुबुळाची गोलाई सारखी नाही, एका बाजूने जास्त वाकलेली आहे. साध्या लेन्सने मोतीबिंदू जाईल, पण तिरका नंबर राहील. त्यासाठी टोरिक नावाची वेगळी लेन्स असते, ती नेमक्या कोनात बसवावी लागते. ऑपरेशनच्या आधी मला ताठ बसवून त्यांनी डोळ्यावर शाईने खुणा केल्या. लेन्सवरच्या खुणा त्या खुणांशी जुळवायच्या, एवढंच मला समजलं. आणि हेही समजलं — नीट समजलं — की सुरुवातीला जपलं नाही तर ती लेन्स आत फिरू शकते. वजन उचलायचं नाही. धूळ, धूर नको. डोळा चोळायचा नाही.

आता जपायला घरात कोण? बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा जहाजावर. राहिली सून, सुजाता. ती हात साबणाने धुवायची, खालची पापणी हलकेच ओढायची आणि थेंब सोडायची. बाटलीचं टोकसुद्धा लागू द्यायची नाही. झोपताना डोळ्यावर प्लास्टिकची वाटी चिकटवायची. डोक्यावरून आंघोळ नाही, वाकून चप्पल घालायची नाही. मी नुसता करवादत होतो. मी काय बाळंतीण आहे? पट्टी काढल्यावर कॅलेंडरातल्या बारीक तिथ्यासुद्धा वाचता आल्या होत्या. मग एवढं कसलं सोवळं?

आणि शिमगा आला.

आम्ही राहतो रत्नागिरीत, पण आमचं गाव मालगुंडच्या अलीकडे. ग्रामदेवतेची पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या बसायच्या चौथऱ्यावर येते, ढोल वाजतात, आणि पालखी नाचवायला उचलताना पहिला खांदा आमच्या घराण्याचा. वडिलांनंतर तो माझा. एक वर्ष चुकवलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं? नव्हतंच. पण हे आज सुचतंय. तेव्हा सुजाताला मी एवढंच सांगितलं की नारळ देतो, लांबून हात जोडतो आणि परत येतो. नातवाची परीक्षा होती, म्हणून ती आली नाही. गॉगल काढायचा नाही, असं तिने मला बजावून पाठवलं.

सहाणेवर माझा चुलतभाऊ पुढे होऊन म्हणाला, "अण्णा, यंदा तुम्ही बाजूला ऱ्हावा हो. खांदा मी देतो." काळजीनेच म्हणाला असेल. मला मात्र वाटलं, हा टपूनच बसलाय. अंगाचा तिळपापड झाला. गॉगल खिशात घातला आणि पालखीच्या दांड्याला खांदा लावला.

नाचवली — भान हरपून नाचवली. गुलालाचे ढग उडत होते, गुलाल डोळ्यात गेला. मी बाजूला झालो आणि डोळा चोळला. चांगला मुठीने, खसाखसा. मग नळाच्या पाण्याने धुतला. गावातल्या कुणाला काही वावगं वाटलं नाही. त्यांना पथ्य ठाऊक नव्हतं. जिला ठाऊक होतं ती रत्नागिरीला होती. सदऱ्यावरच्या गुलालाबद्दल तिने विचारलं तेव्हा म्हणालो, गर्दीत उडाला.

दुसऱ्या दिवशी कॅलेंडरातल्या तिथ्या एकमेकींत मिसळल्या. मी तेही दडवलं. शेवटी तपासणीला गेलो तेव्हा बाईंनी यंत्रातून पाहिलं आणि सांगितलं, लेन्स फिरलीय. वजन उचललं? डोळा चोळला? सुजाता माझ्या शेजारीच बसली होती. "नाही" म्हणून थांबलो असतो तर तो निदान साधा खोटेपणा झाला असता. मी थांबलो नाही. म्हणालो, "थेंब घालताना हिचं बोट जोरात लागलं असेल."

का म्हणालो? मला कुणी तिच्याबद्दल विचारलंही नव्हतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या मी शिमगा संपल्यावर मारल्या.

बाई म्हणाल्या, तेवढ्याने सहसा फिरत नाही. कधीकधी आपोआपही फिरते. मला सुटायला केवढी वाट करून दिली त्यांनी! मी मान खाली घालून बसलो. "माझंच चुकलं असेल, बाबा," सुजाता म्हणाली. लेन्स पुन्हा फिरवून बसवायला परत ऑपरेशनला जावं लागलं. मुलगा जहाजावरून फोनवर तिला टाकून बोलला. मी पलंगावर पडून ऐकत होतो.

माझा डोळा सुधारला. शिमगा सरला तरी कवित्व उरतं — ते तिच्या वाट्याला आलं. पुढे खेडला तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आईला लेक हवी होती. ही गेली नाही. माझ्या हाताने आईचा डोळा जाईल, म्हणाली. थेंब शेजारणीने घातले. आई म्हणे अजून बोलते की, लेकीला माझ्यासाठी चार दिवस निघाले नाहीत. सुजाताने जायला नकार दिला तेव्हा मी त्याच खोलीत पेपर वाचत होतो — तिने वाचवलेल्या डोळ्याने. तेव्हा तरी सांगायचं होतं. पान उलटलं.

संताप येतो. डोळ्याचा नाही, त्या चुलतभावाचाही नाही. माझ्या या जिभेचा येतो. घाटात चूक झाली तर मी गाडी थांबवून कबूल करणारा माणूस होतो. निदान तसं समजत होतो.

आता दुसऱ्या डोळ्याची पाळी आहे. सुजाताने सगळी तयारी केली आहे. नवी उशी, गॉगल, साबण. आणि थेंब घालायला गल्लीतल्या एका नर्सबाईंना सांगून ठेवलं आहे. काल मला म्हणाली, "बाबा, या वेळी काळजी नको. मी हात लावणार नाही."

मी "बरं" म्हणालो.

तिचं बोट माझ्या डोळ्याला एकदाही लागलं नव्हतं.