डाव्या बाजूची थरथर

ओटमार फॉयल्नरचा आपल्या बायकोच्या हातापायांवर जेवढा विश्वास होता, तेवढा गावच्या पाद्रीबुवांवरही नव्हता. त्याला कारणही तसंच होतं. इर्मीने उभा जन्म चिनी मातीच्या कारखान्यात काढला. भट्टीतून आलेली ताटली बोटांवर तोलायची, नखाने टिचकी मारायची आणि आवाज बद्द आला की बाजूला टाकायची. तडा कुणाला दिसायचा नाही, तिला कळायचा. मुकादम हुज्जत घालायला यायचे आणि ताटली फोडून बघितली की मुकाट्याने परत जायचे.

लग्न झाल्यावर ओटमारने तिला पहिल्यांदा मोटरसायकलवर मागे बसवलं, तेव्हा खाली उतरता उतरता ती म्हणाली, "तुझं इंजिन उजवीकडून जास्त ओढतंय." ओटमार आधी हसला. मग त्याने तपासलं. मग पेचकस घेऊन बसला.

गाडी जुनी, दोन सिलिंडरची. एक सिलिंडर या बाजूला बाहेर आलेला, दुसरा त्या बाजूला. प्रत्येकाला वेगळा कार्ब्युरेटर, वेगळी केबल. मूठ पिळली की दोन्ही कार्ब्युरेटर एकदम उघडायला हवेत. एक जरी मागे राहिला तर एक बैल ओढतो, दुसरा नुसता चालतो, आणि थरथर पायांतून वर चढते. लोक त्यासाठी दोन्हींची ओढ मोजणारं गेज लावतात. फॉयल्नरांकडे इर्मीला मागे बसवत. ती "डावा" म्हणाली की ओटमार डावीकडचा स्क्रू किंचित फिरवायचा. ओटमार बायकोच्या तालावर नाचतो हे एक वेळ समजता येतं, पण त्याचं इंजिनही नाचतं, अशी बिअरच्या टेबलावर चेष्टा व्हायची. ओटमारला त्यात अपमान वाटत नसे. गाडी तर लोण्यासारखी चालत होती.

यंदा बर्फ वितळल्यावर गाडी बाहेर निघाली आणि पहिल्याच फेरीत इर्मी म्हणाली, "डावीकडे मुंग्या येतायत."

मे महिन्यात टेकडीवरच्या देवळासमोर मोटरसायकलींवर पवित्र पाणी शिंपडतात. लग्नापासून ही जोडी एकदाही चुकली नव्हती. थरथरती गाडी देवापुढे उभी करणं ओटमारच्या तत्त्वात बसत नव्हतं, आणि इर्मीशिवाय जाणं तर डोक्यातही आलं नसतं. तो कामाला लागला.

आधी व्हॉल्व्हचं अंतर बघितलं. ते ठीक होतं. डावी केबल बदलली, कार्ब्युरेटर उघडून धुतला, सिलिंडरला जोडणारं रबर नवं घातलं. दर वेळी इर्मी मागे बसायची, चौकापर्यंत फेरी व्हायची आणि ती म्हणायची, "डावीकडेच." हे सांगताना तिचा आवाज थोडा पडलेला असे. बायको कंटाळली असेल, असं ओटमारला वाटलं. माणूस इंजिनात डोकं घालून बसला की त्याला असंच वाटतं.

मग त्याने एकेका प्लगची टोपी काढून एकेका सिलिंडरवर इंजिन चालवलं. दोन्हींचा आवाज सारखा होता. शेवटी नाक मुठीत धरून तो शेजारच्या हार्टविगकडे गेला आणि त्याचं दोन काट्यांचं गेज मागितलं. हार्टविग अशी संधी सोडणारा नव्हता. तो गेज घेऊन स्वतःच आला.

"काय, इर्मीचा पाय सुट्टीवर गेला का?" गेज जोडता जोडता त्याने विचारलं.

दोन्ही काटे एकाच रेघेवर थांबले. ओटमारने मूठ पिळली, काटे बरोबरीने हलले.

"तुझं गेज बिघडलंय," ओटमार म्हणाला.

"मग गेजच्या नळ्यांची अदलाबदल कर."

केली. काटे तिथेच राहिले.

"गाडी सुतात आहे, ओटमार. आता हात लावलास तर बिघडवशील." एवढं बोलून हार्टविग गेज गुंडाळून घरी गेला.

ओटमार स्टुलावर बसला. गेज खोटं बोलत नव्हतं आणि इर्मी खोटं बोलत नसे. केबल, रबर, कार्ब्युरेटर, प्लग, सगळं बघून झालं होतं. बघायचं एकच राहिलं होतं, आणि ते मनात येताच त्याला भीती वाटली.

त्याने इर्मीला हाक मारली. गाडी मधल्या स्टँडवर होती, इर्मी मागे चढून बसली. त्याने इंजिन चालू केलं.

"डावीकडे?"

"हो."

त्याने चावी फिरवली. इंजिन बंद पडलं. अंगणात कोंबड्यांशिवाय कशाचा आवाज उरला नाही.

"आता?"

 इर्मीने दोन्ही पाय फूटरेस्टवर तसेच ठेवले होते.

"आताही," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"नाताळच्या आधीपासून. चुलीपाशी उभी असतानाही होतं. परवा पायातली चप्पल निघून गेली, मला जिन्यावर कळलं." ती खाली बघत होती. "आईचं असंच सुरू झालं होतं."

"मग गाडीचं नाव का घेतलंस?"

"पहिल्या दिवशी गाडीवर जास्त जाणवलं, तेव्हा मला खरंच गाडीच वाटली. नंतर तू एकेक भाग काढत होतास. प्रत्येक वेळी वाटायचं, यातच असू दे. तुला दुरुस्त करता येईल असं काहीतरी असू दे."

ओटमारने तिला कमरेला धरून खाली उतरवलं. आयुष्यात त्याने तिला कधी असं उतरवलं नव्हतं, तिला आधार लागतही नव्हता. मग हात धुवून त्याने दवाखान्यात फोन लावला. काय बिघडलंय, असं पलीकडच्या बाईने विचारलं. "डावीकडे मुंग्या येतायत," ओटमार म्हणाला.